काळी काच नेमकी किती काळी घ्यायची?

गेल्या अंकात या पानावर वेल्डिंगचा रॉड आणि करंट याबद्दल लिहिलं होतं. त्यावर जे मेसेज आले त्यातले निम्म्याहून जास्त करंटचे नव्हतेच, वेल्डिंग करताना डोळ्यांपुढे धरायच्या काळ्या काचेचे होते. अंबड, सातपूर, सिन्नर, निफाड, दिंडोरी, सगळीकडून एकच विचारणा, सर काच कितीची घ्यायची. म्हणून यावेळी दुसरं काहीच घेत नाही, फक्त काच आणि डोळे.

प्रश्न: सर, अंबडला माझं छोटं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. सीओटू (मिग) वेल्डिंगवर काम चालतं, करंट साधारण १७० ते १९० अँपिअर असतो. काचा डझनाने आणतो, त्यावर कधी नंबर असतो कधी नसतो. मी इतकी वर्षं ११ वापरली पण आता नवीन पोरगा आलाय तो म्हणतो १३ आणा, जेवढी काळी तेवढी सेफ. कोण बरोबर?

उत्तर: तुम्ही बरोबर आहात भाऊ, पण पोरगा म्हणतो ते प्रत्येक शॉपमध्ये ऐकू येतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आर्क म्हणजे वेल्डिंग करताना पेटणारी विजेची ठिणगी, तिच्यातून तीन गोष्टी निघतात. एक आपल्याला दिसतो तो उजेड, दुसरे अल्ट्राव्हायोलेट किरण आणि तिसरे इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेचे किरण. शेवटचे दोन डोळ्याला दिसतच नाहीत. रात्री डोळे सुजवतात ते अल्ट्राव्हायोलेट, आणि वर्षानुवर्षं लागत राहिले तर मोतीबिंदूला हातभार लावतात ते इन्फ्रारेड. हे दोन्ही अडवायचं काम काचेच्या मटेरियलचं आहे, स्टँडर्डप्रमाणे बनवलेली काच असेल तर ती १० ची असो की १३ ची, हे किरण ती अडवतेच. मग नंबर कशाचा? नंबर मुख्यतः दिसणाऱ्या उजेडाचा. एक नंबर वाढला की आत येणारा उजेड सुमारे २.७ पटीने कमी होतो. १० नंबरातून साधारण सात हजारातला एक भाग आत येतो, ११ मधून एकोणीस हजारातला एक, आणि १३ मधून जवळपास १ लाख ३९ हजारातला एक. म्हणजे ११ वरून १३ वर गेलात की समोरचं सातपट अंधारतं.

आता सातपट अंधारात माणूस काय करतो ते सांगतो, कारण मी हे रोज बघितलंय. त्याला जॉइंट दिसत नाही, पडल (वितळलेल्या धातूचं थारोळं) दिसत नाही, म्हणून तो डोकं खाली घालतो आणि धुराच्या लोटात तोंड नेतो. नाहीतर ढाल (काच बसवलेला, तोंडापुढे धरायचा मुखवटा) बाजूला करतो, नोजल जागेवर टेकवतो, डोळे मिटून ट्रिगर दाबतो आणि मग ढाल आणतो. दिवसाला असे पन्नास टॅक (जोड जागेवर धरणारे छोटे ठिपके) झाले तर पन्नास वेळा ढालीशिवाय आर्क लागला, पापणी मिटली तरी आजूबाजूची कातडी भाजते ती वेगळीच. १३ नंबरची काच घेऊन त्याने डोळे वाचवले नाहीत, उलट घालवले. काच अशी हवी की ढाल बाजूला करावीशीच वाटणार नाही.

तुमच्या करंटला काय हवं? अमेरिकेतलं झेड ४९.१ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यातला तक्ता जगभर वापरतात. त्यात सीओटू म्हणजे मिगला ६० ते १६० अँपिअरला कमीत कमी १० आणि सुचवलेली ११, १६० ते २५० ला कमीत कमी १० आणि सुचवलेली १२. तुम्ही १८० च्या आसपास आहात, म्हणजे ११ किंवा १२. आणि तिथेच एक पद्धत पण दिलीय जी मला फार पटते, आधी इतकी काळी काच लावा की वेल्ड नीट दिसणार नाही, मग एकेक नंबर उतरत या, जिथे पडल आणि दोन्ही कडा स्पष्ट दिसल्या तिथे थांबा, पण कमीत कमी नंबरच्या खाली कधीच जाऊ नका. पोराला १२ लावून बघायला सांगा, नाही दिसलं तर ११. डोळा त्याचा आहे, तुमच्याइतकाच त्याला दिसेल असं नाही.

आणि तुम्ही लिहिलंय ना "कधी नंबर असतो कधी नसतो", मला खरी काळजी त्याची वाटली. नंबर नसलेली काच फेकून द्या. कोरलेलाही नाही आणि स्टिकरही नाही म्हणजे ती कशाची आहे कोणालाच माहीत नाही. नुसती काळी दिसणारी काच जास्त धोक्याची, कारण अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि काच जर इन्फ्रारेड अडवत नसेल तर तो सगळा मोठ्या दारातून आत जातो. काचेच्या कडेला कोरलेला नंबर बघा, कंपनीची खूण बघा. आपल्याकडे वेल्डिंगच्या डोळ्या-चेहऱ्याच्या साधनांसाठी आयएस ११७९ हे स्टँडर्ड आहे, दुकानदाराला ते नाव घेऊन विचारा. दोन-चार गिऱ्हाइकांनी विचारलं की तो पण माल बघून आणायला लागतो.

प्रश्न: माझे मिस्टर पंचवटीत ग्रील आणि शटरची कामं करतात. महिन्यातून दोन-तीनदा रात्री दीड-दोनला उठतात, डोळ्यात वाळू टाकल्यासारखं होतं, पाणी वाहतं, लाइट लावू देत नाहीत. सासूबाई बटाट्याचे काप ठेवतात. मागच्या वेळचे डोळ्याचे ड्रॉप पण घरात आहेत, ते घालते. बरोबर करते का?

उत्तर: ताई, आधी हे सांगतो की तुमचं पत्र वाचून मला माझी आई आठवली. अप्रेंटिस होतो सातपूरला, पहिल्याच महिन्यात दिवसभर उस्तादाला जॉब धरून दिला आणि कौतुकाने आर्ककडे बघत राहिलो. संध्याकाळी काहीच नाही, जेवलो, झोपलो. रात्री दोनला असा उठलो की डोळे गेले असंच वाटलं. आई रात्रभर थंड पाण्याची घडी बदलत बसली होती.

याला आर्क लागणं म्हणतात. डोळ्याच्या बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो त्याचा वरचा थर अल्ट्राव्हायोलेटने भाजतो, उन्हाने पाठ भाजते तसाच. त्रास लगेच होत नाही, सहा ते बारा तासांनी होतो, म्हणून दुपारचं काम रात्री उठवतं आणि माणसाला कळतच नाही की हे कशामुळे झालं. तो थर स्वतःहून भरून येतो, बहुतेकदा २४ ते ४८ तासांत.

तुम्ही करायचं ते एवढंच. स्वच्छ पाण्यात भिजवलेली थंड घडी मिटलेल्या पापणीवर, खोलीत अंधार, डोळे अजिबात चोळू द्यायचे नाहीत, लेन्स लावत असतील तर काढायच्या. बटाट्याचा गारवा बरा वाटतो हे खरं, सासूबाईंच्या मायेबद्दल काही म्हणणं नाही, पण भाजलेल्या डोळ्यावर कच्चा बटाटा, दूध, गुलाबपाणी असलं काही नको, ते निर्जंतुक नसतं आणि तिथे जंतू गेले तर साधं दुखणं मोठं होतं.

ड्रॉपचं मात्र हात जोडून सांगतो, मागच्या वेळचे घालू नका. तपासताना डॉक्टर बधिर करणारा ड्रॉप घालतात, त्याने दोन मिनिटांत बरं वाटतं आणि लोक तोच मागून घरी आणतात. तो परत परत घातला की जखम भरत नाही, पडदा खराब होतो. स्टिरॉइडचे ड्रॉप असतील तर ते पण डॉक्टरांना न विचारता घालणं धोक्याचं, डोळ्यातला दाब वाढू शकतो. बाटलीवर काय लिहिलंय ते न बघता घालण्यापेक्षा सकाळी डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलेलं बरं. आणि एकाच डोळ्याला त्रास असेल, नजर अंधुक असेल किंवा दोन दिवसांत कमी झालं नाही तर वाटच बघू नका, ग्राइंडिंगचा कण रुतलेला असू शकतो.

पण ताई, महिन्यातून दोन-तीनदा म्हणजे हे औषधाचं काम राहिलं नाही. ग्रीलच्या कामात छोटे छोटे टॅक फार असतात, एका हातात होल्डर, दुसऱ्या हातात चौकट, मग ढाल धरायला तिसरा हात कुठून आणणार? त्यांना डोक्यात घालायचं हेल्मेट घ्यायला लावा, हातातली ढाल बंद. मान हलवली की खाली येतं तेवढं साधं हेल्मेट असलं तरी चालेल. ग्रीलला बहुतेक १२ नंबर रॉड लागतो, ७०-८० अँपिअर, त्याला १० नंबर काच योग्य, अगदीच दिसत नसेल तर ९.

इथेच एक घोळ सांगतो, कारण नंबर-नंबरमध्ये गल्लत होते. बरेच जण समजतात १० नंबर रॉडला १० नंबर काच, १२ नंबर रॉडला १२ नंबर काच. रॉडचा नंबर गेजचा आहे, तो उलटा चालतो. १२ नंबर म्हणजे अडीच एमएम, १० म्हणजे ३.१५, ८ म्हणजे ४ एमएम. रॉडचा नंबर कमी झाला की रॉड जाड, करंट जास्त, काच जास्त काळी लागणार. हाताने रॉड चालवताना ६० ते १६० अँपिअरला कमीत कमी ८ आणि सुचवलेली १०, १६० च्या वर २५० पर्यंत कमीत कमी १० आणि सुचवलेली १२. म्हणजे ८ नंबर रॉड १७० वर चालवायचा तर ११-१२ हवी. दोन नंबर जुळवायला जाल तर नेमकं उलटं होईल.

प्रश्न: दिंडोरी साइडला वाइनरीच्या एसएस (स्टेनलेस स्टील) टाक्यांचं काम करतो, आर्गन गॅसचं वेल्डिंग. पातळ शीट, ३०-४० अँपिअर. नवीन ऑटो डार्क (आर्क पेटताच काच आपोआप काळी होणारं) हेल्मेट घेतलं, त्यात ९ ते १३ नंबर फिरवता येतो. पण मधेच काच उघडते, चमकते. शिवाय हेल्मेट असून डोळे लाल होतात. हेल्मेट फसवं आहे का?

उत्तर: असेलच असं नाही मित्रा. आर्गनचा आर्क छोटा आणि शांत असतो, कमी करंटला सेन्सरला तो पुरेसा जाणवत नाही, आणि टाकीच्या आत पाइप किंवा तुझाच हात सेन्सरच्या आड आला की हेल्मेट समजतं आर्क बंद झाला. सेन्सिटिव्हिटीचा नॉब वाढव, डिले (काच परत उघडायला लागणारा वेळ) थोडा जास्त ठेव, सेन्सर पुसून घे, सेल नवा टाक. चार सेन्सरवाल्या हेल्मेटला हा त्रास दोनवाल्यापेक्षा कमी होतो. सकाळी काम सुरू करायच्या आधी हेल्मेट हातात धरून काच उन्हाकडे फिरव, बहुतेक हेल्मेट तेवढ्यावर काळं होतं, नाही झालं तर घालू नको. आणि ग्राइंड मोड बघ. ग्राइंडिंगला मोड लावतो, मग विसरतो आणि तसाच आर्क मारतो, त्यावेळी समोर फक्त ४ नंबर असतो.

चांगल्या हेल्मेटमध्ये काच उघडी असली तरी अल्ट्राव्हायोलेट आणि इन्फ्रारेड कायम अडवलेले असतात, म्हणून एखादी चमक झाली तर डोळा भाजत नाही, दिपतो. पण चमकत राहणाऱ्या हेल्मेटवर दिवस काढू नको. नंबर म्हणशील तर आर्गनला ५० अँपिअरच्या खाली कमीत कमी ८ आणि सुचवलेली १०. तू १० लावून बघ, नाही दिसलं तर ९. ५० च्या वर गेलास, १५० पर्यंत, तर सुचवलेली १२ आहे.

मग डोळे लाल का होतात? मला वाटतं टाकीमुळे. एसएसची टाकी आतून आरशासारखी, तुझाच आर्क मागच्या भिंतीवर आपटून हेल्मेटच्या मागून आत येतो आणि काचेच्या आतल्या बाजूवरून थेट डोळ्यात. शेजारी दुसरा कोणी वेल्डिंग करत असेल तर त्याचाही येतो. हेल्मेटच्या आत बाजूने बंद असलेला पांढरा सेफ्टी गॉगल घाल, पॉलिकार्बोनेटचा, तो अल्ट्राव्हायोलेट अडवतो. मानेमागे कापडी पडदा लाव. आणि टाकीच्या आत हवा खेळती आहे ना ते डोळ्यांच्याही आधी बघ, आर्गन हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो, वास नाही रंग नाही, श्वास कधी कमी पडला तेही कळत नाही.

प्रश्न: निफाडला द्राक्षबाग आहे. अँगल, ब्लोअर, ट्रॉली, सगळं घरीच जोडतो. गॅसवाले दोन गॉगल आहेत ५ नंबरचे, एकावर एक लावले की १० होतात असं कोणी सांगितलं. लावू का?

उत्तर: १० नाही होत दादा, ९ होतात. हिशोब असा आहे की दोन नंबरांची बेरीज करून एक वजा करायचा. ५ नंबरातून साधारण बावन्नातला एक भाग उजेड येतो, त्याचा परत बावन्नावा भाग म्हणजे सुमारे २,७०० मधला एक, आणि ते ९ नंबरचं माप आहे. तेव्हा बारीक रॉडला उजेडापुरतं जमेल.

तरीही लावू नका असंच सांगेन. गॉगल डोळे झाकतो, गाल, कपाळ, गळा उघडाच राहतो आणि आर्कने चेहऱ्याची कातडी सोलते. हे नुसतं सोलण्यापुरतं नाही, जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर काम करणारी संस्था आहे, तिने वेल्डिंगचे अल्ट्राव्हायोलेट किरण आणि वेल्डिंगचा धूर दोन्ही पहिल्या गटात टाकलेत, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेलं. शिवाय दोन काचांमध्ये घाम आणि धूळ बसते, प्रतिमा दोन दिसतात. तुमच्या औषध फवारणीच्या एका दिवसाच्या खर्चात चांगली ढाल आणि १० नंबरची काच येईल. ते ५ नंबरचे गॉगल गॅसच्या कामाला ठेवा. गॅस कटिंगला २५ एमएमपर्यंत ३-४, त्याच्या वर १५० एमएमपर्यंत ४-५, गॅस वेल्डिंगला पातळ पत्र्याला ४-५, ब्रेझिंगला ३-४ पुरतो.

प्रश्न: वय ५२. आता ११ नंबरातून काहीच दिसत नाही म्हणून ९ लावली. चालेल का?

उत्तर: करंट किती ते लिहिलं नाहीत, पण ११ वापरत होतात म्हणजे १५०-२०० असावा, त्याला ९ नको. तुम्हाला उजेड कमी पडत नाहीये, जवळचं दिसत नाहीये. चाळिशी आहे ही. काळ्या काचेच्या मागे बसवायची भिंगाची पट्टी मिळते, १.५, २, २.५ अशा पॉवरची, ती लावून बघा, नाहीतर जवळचा चष्मा हेल्मेटच्या आत घाला. त्याआधी समोरची पांढरी काच बघा. ठिणग्यांनी ती खरबरीत झालेली असते, स्वस्तात बदलते पण महिनोनमहिने कोणी बदलत नाही, आणि निम्म्या लोकांचं "दिसत नाही" तिथेच संपतं. जॉइंटवर एक दिवा सोडा. एवढं करून रात्री समोरच्या गाडीच्या लाइटभोवती वलयं दिसत असतील तर मोतीबिंदू तपासून घ्या. आणि कॉन्टॅक्ट लेन्स आर्कने डोळ्याला चिकटते हे तुम्ही ऐकलं असेल, ते खोटं आहे.

प्रश्न: सिंहस्थाच्या कामांसाठी रस्त्याकडेला वेल्डिंग चालतं, मी सुपरवायझर आहे. हेल्परला पण काच द्यायची का? तो तर नुसता धरतो.

उत्तर: द्यायची, आणि वेल्डरच्याच नंबरची, कारण तो धरताना बघतोच. आर्क लागण्यात हेल्परचा नंबर आधी लागतो हे मी स्वतः भोगलंय, वर सांगितलं. कारखाना कायदा झाला १९४८ ला, त्यात कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणाचं होतं, म्हणजे ही जबाबदारी मालकाची आहे हे आजचं नाही. रस्त्यावर अजून एक करा, कामाभोवती पडदा उभा करा, वेल्डिंगचा मिळतो तो किंवा मॅट रंग दिलेले जुने पत्रे. चकचकीत पत्रा नको, तो किरण परत फेकतो. शाळा सुटली की पोरं थांबून टक लावून बघतात, त्यांच्याकडे काच नाही आणि रात्री डोळे का दुखतात ते त्यांच्या घरी कोणाला कळणार नाही.

प्रश्न: वेल्डिंगच्या काचेतून ग्रहण बघता येतं का?

उत्तर: १४ नंबरमधून येतं. १२ च्या खाली अजिबात नाही, आणि १२ मधून सुद्धा सूर्य फार प्रखर दिसतो. शॉपमध्ये पडलेली १० किंवा ११ पोरांच्या हातात देऊ नका. ऑटो डार्क हेल्मेट पण यासाठी नाही. २ ऑगस्ट २०२७ ला, सोमवती अमावास्येला, आपल्याकडून खंडग्रास ग्रहण दिसणार आहे, त्या दिवशी नाशकात ढग नसले तरच उपयोग, पण १४ ची काच आत्तापासून शोधायला लागा, साध्या हार्डवेअरच्या दुकानात ती सहसा नसते.